ड्रायव्हर काढताना शून्यावर भुलू नका

लिनक्समधला एखादा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम, काढायचा तर आधी ‘एलएसमॉड’ ही चढवलेल्या ड्रायव्हरांची यादी दाखवणारी कमांड चालवा. शेवटच्या रकान्यातला आकडा शून्य नसेल, तर तो ड्रायव्हर वापरात आहे आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो काढू देत नाही. अशा वेळी ड्रायव्हर काढणाऱ्या ‘आरएममॉड’ कमांडला जबरदस्तीचा पर्याय लावू नका, अख्खी मशीन कोसळू शकते. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मात्र फसवा. कनेक्शन चालू असतानाही तिथे बहुधा शून्यच दिसतं आणि तो निमूट निघून जातो! ठाण्यात घोडबंदरला घरी बसून नवी मुंबईतल्या महापेचा सर्व्हर नेटवर्कवरून हाताळताना माझं हेच झालं आणि कनेक्शनच तुटलं. रात्री ठाण्याहून लोकल पकडून महापेजवळची घणसोली गाठावी लागली. आता ड्रायव्हर ‘मॉडप्रोब’ कमांडने काढणं आणि लगेच परत चढवणं, दोन्ही एकाच स्क्रिप्टमध्ये घालून ‘नोहप’ने चालवतो, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी स्क्रिप्ट चालू राहते.