दिवसभर उभ्याने नोकरी असेल तर पाय असे सांभाळा

मी दादरला ड्रेस मटेरियलच्या दुकानात १४ वर्षं काउंटरमागे उभी राहिलेय, सकाळी साडेदहा ते रात्री नऊ, त्यात येता-जाता डोंबिवली लोकलही बहुतेक उभ्यानेच. रात्री मोजे काढले की घोट्यावर इलॅस्टिकचा खोल वळ, नडगीवर अंगठा दाबून उचलला तर खड्डा तसाच राहायचा. आई म्हणायची तेल लाव, झोप, सकाळी उतरेल, आणि उतरायचंही, म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग डाव्या पोटरीवर निळ्या नसा दोरीसारख्या वर आल्या तेव्हा डॉक्टरकडे गेले. तुम्ही सेल्समध्ये असा, पार्लरमध्ये, नर्सिंगला, वॉचमन असा नाहीतर वडापावच्या गाडीवर, हे आधीच वाचून ठेवा.

आधी एक गोष्ट समजून घ्या, चालण्याने पाय जेवढे बिघडत नाहीत तेवढे एका जागी उभं राहण्याने बिघडतात. आपल्या बिल्डिंगमध्ये खालच्या टाकीतलं पाणी पंप गच्चीवर चढवतो ना, तसं पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरी करते. पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर ढकललं जातं आणि नसांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. आपण खांबासारखे उभे राहिलो की पंप बंद, रक्त खाली साचतं, नसांवर ताण येतो, आणि वर्षानुवर्षं असं झालं की झडपा सैल पडतात. एकदा सैल पडलेल्या झडपा तेलाने किंवा व्यायामाने परत घट्ट होत नाहीत, म्हणून जे करायचं ते आधी करायचं.

तर पंप चालू ठेवा. दर अर्ध्या तासाने टाचा उचलून चवड्यावर या आणि हळू खाली टेका, असं १५-२० वेळा, काउंटरमागे कुणाला दिसतही नाही. गिऱ्हाईक नसेल तेव्हा कापडाच्या घड्या घालायच्या निमित्ताने दुकानात दोन फेऱ्या मारा. पायाखाली एक पाट नाहीतर वीट ठेवा, वीतभरापेक्षा कमी उंच, त्यावर एकदा उजवा पाय एकदा डावा असं आलटून पालटून ठेवलं की कंबरेला फार आराम पडतो, माझी कंबरदुखी तर अर्धी ह्यानेच गेली. लादी कडक असेल तर खाली रबरी मॅट टाका, पण कडा दुमडलेली नको, अडखळायला होतं.

चप्पल-बुटांवर पैसे वाचवू नका प्लीज. सपाट पातळ स्लिपर नको आणि हिलही नको, टाचेला थोडी उंची, तळव्याच्या खाचेला आधार आणि पुढे बोटं मोकळी हलतील एवढी जागा हवी. खरेदी संध्याकाळी करा कारण तेव्हा पाय सुजलेला असतो, सकाळी बसलेला बूट रात्री चावतो. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल तर पलंगावरून उतरायच्या आधीच पायाची बोटं हाताने आपल्याकडे ओढून धरा, अर्धा मिनिट, तीन-चार वेळा. आमच्याकडे तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकतात, पण डायबेटिस असलेल्यांनी हे अजिबात करू नका, पायाला चटका कळत नाही आणि जखम चिघळते.

घट्ट मोजे, म्हणजे कम्प्रेशन स्टॉकिंग, चांगले असतात पण आधी डॉक्टरला दाखवा, पायाच्या रक्तपुरवठ्यातच अडचण असेल तर ते उलटे पडतात. आणि घालायचे सकाळी उठल्या उठल्या, सूज यायच्या आधी. रात्री घरी आल्यावर १५ मिनिटं भिंतीला पाय लावून झोपा, पाय छातीपेक्षा वर.

बायकांसाठी एक वेगळं सांगते. दुकानात टॉयलेट नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही, मीही वर्षानुवर्षं तेच केलं आणि लघवीचं इन्फेक्शन घेऊन बसले. जवळचं टॉयलेट कुठे ते शोधून ठेवा, दोघी मिळून ठरवा कोण कधी जाणार, पण पाणी प्या.

आता हे नीट लक्षात ठेवा. एकच पाय अचानक सुजला, गरम लागतोय, पोटरी दुखतेय, तर तेल लावून रगडू नका, आत रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी. फुगलेल्या नसेतून रक्त यायला लागलं तर आडवं व्हा, पाय वर करा, स्वच्छ कपडा दाबून धरा आणि मग हॉस्पिटल. घोट्याजवळची कातडी काळी पडत असेल किंवा जखम भरत नसेल तरी थांबू नका, मुंबईत केईएम, सायन, नायर हॉस्पिटलला सर्जरीच्या ओपीडीत दाखवता येतं.

राहिली बसायची गोष्ट. आमच्या शेठचं म्हणणं, बसलेली मुलगी दिसली की गिऱ्हाईक परत जातं. पण १९४८ च्या कारखाने कायद्यातच उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी असं लिहिलं होतं, आणि कोझिकोडच्या दुकानातल्या बायका ह्यासाठी लढल्या तेव्हा केरळने २०१८ मध्ये दुकानांसाठी तसा कायदा केला, मग २०२१ मध्ये तामिळनाडूने. शेठकडे एकटीने नका जाऊ, सगळ्यांनी मिळून जा आणि मागणी छोटी ठेवा. आम्ही पाच जणींत दोन स्टूल मागितले, उंच, म्हणजे बसूनही काउंटरवर हात पोचतो आणि कापड मापता येतं. दुपारी दोन ते चार गर्दी कमी, तेव्हा दोघी बसणार तिघी उभ्या, दर वीस मिनिटांनी पाळी बदलायची. पहिला महिना शेठ घड्याळ बघायचे, आता स्वतःच हाक मारतात, चल गं, तुझी पाळी झाली, तिला बसू दे.