किनाऱ्याने प्रवास करताना भरतीची वेळ आधी पाहावी

कुटुंबासह किनाऱ्यालगतच्या आडवाटेने जाताना मुक्कामाच्या आणि जेवणाच्या वेळा आपण नीट ठरवतो. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहायचे मात्र बहुधा राहून जाते. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, त्यामुळे काल दुपारी कोरडी दिसलेली पुळण आजही त्याच वेळी कोरडी असेल, असे गृहीत धरता येत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पाणी नेहमीपेक्षा बरेच वर चढते.

गाडी वाळूत उतरवण्याचा मोह मुलांपेक्षा मोठ्यांनाच अधिक होतो. तो आवरून ती पक्क्या जमिनीवर उभी करावी. तरीही चाक रुतलेच, तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नये, कारण जागच्या जागी फिरणारे चाक स्वतःखालीच खड्डा खणत जाते. सर्वांना उतरवून, चाकापुढची वाळू हातांनी उपसून, गाडीतली रबरी पायपुसणी चाकाखाली सरकवावी आणि अगदी सावकाश गाडी बाहेर काढावी. घरी परतल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा, कारण खारे पाणी आणि ओली वाळू पत्र्याच्या सांध्यांत अडकून गंज धरवते.