ठाण्याचा आणि बंबाचा हिशेब कसा मागायचा: बेळगाव सीमाभागासाठी

गल्लीत आग लागून बंब उशिरा आला की लोक नगरसेवकाला धरतात. बेळगावात त्याचा उपयोग होत नाही. कोल्हापूरचे अग्निशमन दल तिथल्या महापालिकेचे आहे. कर्नाटकात ते १९६४ च्या कायद्याने चालणारे राज्य सरकारचे खाते आहे. रस्त्यावरचे अतिक्रमण किंवा मंडपाची परवानगी याबद्दल महापालिकेला जाब विचारा, पण बंब किती वाजता निघाला हे विचारायचे ते अग्निशमन खात्यालाच.

पोलिसांतही दोन घरे आहेत. टिळकवाडी, शहापूर, खडेबाजार, माळमारुती आणि शहराला लागून असलेले काकती ही ठाणी २०१४ साली सुरू झालेल्या पोलीस आयुक्तालयाखाली येतात. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी इथली ठाणी जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे (एसपी). अर्जाच्या पहिल्या ओळीतच वरिष्ठ चुकला तर कागद या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत राहतो.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे सर्वात आधी येतो, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाण्याचे निवेदन देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. म्हणजे तक्रार मराठीत द्या, हक्काने द्या. माहिती अधिकाराचे मात्र वेगळे आहे. तो अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच लिहावा लागतो, आणि इथली राजभाषा कन्नड आहे. मराठीतला माहिती अर्ज याच कारणाने परत येऊ शकतो. कन्नड लिहिता येत नसेल तर सरळ हिंदीत लिहा. मराठी तक्रारीलाही अर्ध्या पानाचा कन्नड गोषवारा जोडलात तर टेबलावरचा माणूस ‘वाचता येत नाही’ म्हणून ती बाजूला ठेवू शकत नाही. हक्क सोडायचा नाही, पण कामही अडू द्यायचे नाही.

तोंडी तक्रारीवर थांबू नका, ती लेखी द्या. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पुढे कार्यवाही झाली की नाही याचे लेखी उत्तर, म्हणजे इथे ज्याला हिंबरह म्हणतात ते, मागून घ्या. वरच्या पायरीवर पहिल्यांदा तेच विचारतात. दखलपात्र गुन्ह्याचा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) एफआयआर घ्यायला ठाण्याने नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीच तक्रार पोलीस अधीक्षकांकडे, शहरात असाल तर आयुक्तांकडे, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. तिथेही काही हलले नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. पोस्टाची पावती नसेल तर न्यायालयात ही पायरी सिद्ध करणे अवघड जाते, आणि प्रकरण इथेच लंगडे पडू शकते. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

ठाण्यात मारहाण किंवा दमदाटी झाली असेल तर सगळ्यात आधी कॅमेऱ्याचे चित्रण वाचवा. २ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याचे प्रवेशद्वार, कोठडी, बोळ आणि स्वागतकक्ष इथे आवाजासह कॅमेरे लावायला सांगितले. १८ महिन्यांचे चित्रण साठवण्याची सोय असावी, आणि चित्रण किमान किती काळ जपले जाईल हे सांगणारा फलक ठाण्यात ठळक लावावा, तो काळ ६ महिन्यांपेक्षा कमी नसावा, असा तो आदेश आहे. चित्रण राखून ठेवायला सांगण्याचा पीडिताला हक्क आहे. त्याच आठवड्यात अर्ज द्या. तारीख, ‘रात्री ९ ते ११’ अशी वेळ आणि कोठडीसमोरचा की दारावरचा कॅमेरा हे लिहा. नुसते ‘फुटेज द्या’ म्हटले की ‘नेमके कोणते’ हा प्रश्न उलटून येतो. हे कॅमेरे चालू आहेत का ते पाहणाऱ्या जिल्हा समितीत शहराच्या महापौरांना किंवा जिल्हा पंचायतीच्या प्रमुखांना जागा आहे. नगरसेवकाला गाठायचेच असेल तर याच कामासाठी गाठा: समितीची बैठक शेवटची कधी झाली, हे महापौरांना सभागृहात विचारायला लावा.

अधिकाऱ्याच्या गैरवर्तनाची तक्रार पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जाते. उपअधीक्षकापर्यंतच्या हुद्द्यासाठी जिल्ह्याचे प्राधिकरण आहे, अधीक्षक आणि वरच्यांसाठी राज्याचे. हवालदाराची तक्रार बेंगळुरूला धाडण्यात अर्थ नाही. लाच मागितली असेल तर लोकायुक्त पोलीस. मानवाधिकार आयोगाकडे जायचे असेल तर घटनेपासून एका वर्षाच्या आत. त्यानंतर ते तक्रार घेत नाहीत.

आता बंब. अग्निशमन खात्याच्या नोंदवहीत वर्दी, म्हणजे आगीची खबर, केव्हा आली, गाडी केव्हा निघाली, केव्हा पोहोचली हे लिहिलेले असते. माहिती अर्जात ‘उशीर का झाला’ असे विचारू नका, कारण हा कायदा कागद देतो, खुलासा देत नाही. ‘अमुक तारखेच्या अमुक ठिकाणच्या आगीच्या वर्दीच्या नोंदीची प्रत द्यावी’ एवढेच लिहा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. कर्नाटकच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून आगीची नोंद आणि गाड्यांच्या दुरुस्तीचे रजिस्टर यांसाठी दोन वेगळे अर्ज करा. उत्तर ३० दिवसांत. नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, नंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे. ज्यांचे दुकान किंवा गवताची गंजी जळाली असेल त्यांनी आगीचा अहवाल आठवड्याच्या आत मागावा, विम्याला तो लागतोच.

उशिराचे कारण कित्येकदा गल्लीतच असते. बंब सुमारे अडीच मीटर रुंद असतो, वळणावर त्याहून जास्त जागा घेतो. गणेशोत्सव आणि शिवजयंतीआधी शांतता समितीच्या बैठका होतात. तिथे मिरवणुकीच्या वेळा ठरतात, पण मंडपाशेजारी किती वाट उरली याची विचारणा कुणीतरी करावी लागते. टेप घेऊन आपल्या गल्लीतली सर्वात अरुंद जागा आणि सर्वात खाली लोंबणारी तार मोजा, आकडे कागदावर लिहा, बैठकीच्या इतिवृत्तात ते नोंदवायला सांगा आणि त्या इतिवृत्ताची प्रत मागून ठेवा.