पहिला मल्टिमीटर निवडताना मी काय पाहिलं नव्हतं

पहिला मल्टिमीटर घेताना मी फक्त काउंट्स पाहिले, म्हणजे स्क्रीनवर मीटर किती आकड्यापर्यंत मोजून दाखवतो ते. त्यांना अर्थ आहेच: २००० काउंट्सच्या मीटरवर ५ व्होल्ट ५.०० दिसतात, ६००० काउंट्सच्या मीटरवर ५.०००. पण शेवटचा आकडा दिसतो म्हणून तो खरा असतो असं नाही. अचूकतेचा तक्ता मॅन्युअलमध्ये वेगळा असतो आणि मी तो उघडलाच नव्हता.

अद्दल घडवली बॅटरीवर चालणाऱ्या एका बोर्डाने. स्लीपमध्ये तो किती करंट खातो हे बघायला मी मीटर मायक्रोअँपच्या रेंजवर सिरीजमध्ये लावला. बोर्ड सुरू व्हायचा, रेडिओ चालू होताच रीसेट व्हायचा, की पुन्हा तेच. दोन दिवस मी कोडमध्ये बग शोधत बसलो. मीटर काढला की स्वारी सुतासारखी सरळ! शेवटी मॅन्युअल उघडलं. त्या रेंजचा आतला शंट, म्हणजे करंट ज्यातून जातो तो मोजणीचा रेझिस्टर, होता सुमारे १०० ओहमचा. रेडिओला २० मिलिअँप लागायचे, म्हणजे २ व्होल्ट मीटरच गिळणार; ३.३ मधून बोर्डाला उरणार १.३. याला बर्डन व्होल्टेज म्हणतात. लो-पॉवरची कामं करणार असाल तर मीटर घेण्याआधी ही ओळ शोधाच.

व्होल्टेज मोजतानाही मीटर नामानिराळा राहत नाही. १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा, ५ व्होल्ट द्या आणि मध्ये मोजा. हिशेबाने २.५ हवेत, पण १० मेगाओहम इनपुटचा मीटर २.३८ दाखवेल, कारण तो स्वतःच एका रेझिस्टरला समांतर जोडला जातो.

कंटिन्युइटीचा (दोन टोकं आपसात जोडलेली आहेत का ते सांगणारा) बझर प्रोब टेकताक्षणी वाजला पाहिजे. रेंगाळणारा बझर आयसीच्या पिनांवरून प्रोब ओढताना शॉर्ट हमखास चुकवतो. ट्रू आरएमएस (एसी वेव्ह कुठल्याही आकाराची असली तरी तिची आरएमएस किंमत मोजणारा) मीटर घ्याच, कारण साधा मीटर सिमेट्रिकल स्क्वेअर वेव्ह ११ टक्के जास्त दाखवतो. ट्रान्झिस्टर तपासायचं सॉकेट वगैरे असलं काय, नसलं काय.

मेन्सला हात लावणार असाल तर कॅट रेटिंग (मीटर कुठल्या प्रकारच्या वीजजोडणीवर सुरक्षित आहे ते) आणि एचआरसी फ्यूज (प्रचंड करंटही न फुटता तोडणारा) यांत तडजोड नको. लाल लीड १० अँपच्या सॉकेटात विसरून व्होल्टेज मोजायला जाणं म्हणजे सरळ शॉर्ट करणं, कारण तिथे मीटरचा रेझिस्टन्स जवळपास शून्य असतो. मी हे केलंय, नशिबाने १२ व्होल्टच्या बॅटरीवर. प्रोबचं टोक काळं पडलं, फ्यूज गेला. तो फ्यूज नेहमीच्या मापाचा नव्हता, त्यामुळे पुढचे तीन आठवडे १० अँपची रेंज बंदच होती. मीटर घेतानाच दोन जास्तीचे फ्यूज घेऊन ठेवा.