आधी हात, मग लेखणी: चौकटी वहीतला रोजचा सराव

कोरं पान समोर ठेवून काहीतरी सुचेल म्हणून वाट बघत बसू नका. आधी हाताला काम द्या. काम लहान असावं, आखून घेतलेलं असावं. ते संपल्यासंपल्या, बोटं अजून तयार असतानाच, लिहायला घ्या. ज्यांना लिहायचं आहे पण जमत नाही आणि ज्यांना हातानं काही करावंसं वाटतं पण वेळ मिळत नाही, त्या दोघांनाही मी हेच सांगतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, शाळा मराठी. नोकरी चादरीच्या कारखान्यात, नक्षी काढण्याची. अम्मा विड्या वळायची. तेंदूच्या पानावर पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हात त्या ठरलेल्या वाटेनं चालायला लागले की तिचं बोलणं सुरू व्हायचं: तिच्या गावच्या गोष्टी, लग्नातली गाणी, शेजारणीच्या नकला. विड्यांचं सूप बाजूला ठेवायला लावून “आता गोष्ट सांग” म्हटलं तर तिला काही आठवायचं नाही. पुढे नक्षीच्या कागदावर तासन्‌तास चौकोन भरताना माझंही तसंच होऊ लागलं. पेन्सिल चौकोन भरत असायची आणि वाक्यं मनात तयार होत असायची.

सामान फार लागत नाही. गणिताची चौकटी वही, पेन्सिल, दोन रंगांची पेनं, सुई, दोरा, कात्री. हे सगळं एका डब्यात ठेवा आणि डबा हाताशी असू द्या. कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेलं सामान दिवाळीच्या साफसफाईलाच खाली येतं. वही उघडली की उजवं पान नक्षीला, डावं पान शब्दांना. हा नियम मोडू नका. दोन वेगळ्या वह्या केल्यात तर त्यातली एक मागे पडते, आणि बहुतेक वेळा शब्दांचीच पडते.

आता नक्षी. उजव्या पानावर १६ × १६ चौकोनांची चौकट आखा. तिचे चार भाग करा, म्हणजे प्रत्येक भाग ८ × ८ चा होईल. फक्त वरच्या डाव्या भागात काम करायचं. काही चौकोन भरा, काही रिकामे सोडा. पान, चांदणी, पणती, कैरी, काहीही चालेल, नुसता आकार असला तरी चालेल. मग तोच भाग आरशात दिसावा तसा उजवीकडे उलटा उतरवा आणि वरचे दोन्ही भाग तसेच खाली उलटे करा. एका भागात विस्कटलेलं वाटलेलं चित्र चारी बाजूंनी जुळलं की फूल होऊन समोर येतं. पहिल्यांदा हे करणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. आमच्या इमारतीतल्या मुलांना मी यानंच सुरुवात करून देतो.

सोलापुरी चादरीवरचे मोर आणि वेली याच हिशेबानं येतात. मागावरच्या जेकॉर्डला, म्हणजे नक्षी उठवणाऱ्या यंत्राला, पुठ्ठ्याची कार्डं लावलेली असतात. कार्डाला भोक असेल तर त्या जागचा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, भोक नसेल तर तो खालीच राहतो. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड. सगळी कार्डं ओळीनं ओवून त्यांची साखळी करतात. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हे यंत्र आणलं. धागा वर किंवा खाली, एवढ्याच दोन गोष्टींतून सगळी नक्षी उभी राहते. म्हणून घरच्या सरावातही दोनच रंग घ्या. तिसरा रंग हाताशी असला की माणूस आकाराकडे बघायचं सोडून रंगातच रमतो. (कारखान्यात नक्षीच्या कागदाचे चौकोन नेहमी चौरस नसतात, कारण कापडात इंचाला उभे आणि आडवे धागे सारखे नसतात. वहीवर ती काळजी नाही.)

इथे तीन गोष्टी शिकून घ्या. त्या शिकवणारा सहसा कोणी भेटत नाही.

पहिली, वळण. चौकोनांवर गोलाई काढताना सगळ्या पायऱ्या सारख्या ठेवल्या तर तिरकी रेघ होते, गोल होत नाही. आडवे ५ चौकोन भरा, एक ओळ खाली येऊन ३, मग २, मग १, पुन्हा १. तिथून उभं वळा: खाली २, मग ३, मग ५. पायऱ्या हळूहळू लहान आणि मग हळूहळू मोठ्या केल्या की डोळ्याला गोलाई दिसते. पानाची कड, मोराची मान, कोयरीचं टोक, सगळं यातूनच निघतं.

दुसरी, पाठ. चादर उलटी करून बघा. पुढे ज्या जागी एक रंग असतो तिथे मागे दुसरा असतो. म्हणून नक्षी झाली की शेजारी तीच पुन्हा काढा, पण या वेळी भरलेले चौकोन रिकामे सोडा आणि रिकामे भरा. दोनांपैकी एक नेहमी जास्त चांगली दिसते, आणि कोणती दिसेल ते आधी ओळखता येत नाही.

तिसरी, जोड. तुमचं फूल एकाशेजारी एक चार वेळा काढा. आता फुलाकडे बघू नका, दोन फुलांच्या मधल्या जागेकडे बघा. तिथे न काढलेली एक नवीनच नक्षी तयार झालेली असते. मग दुसरी ओळ अर्ध्या फुलानं सरकवून काढा, मधली जागा पुन्हा बदलते. माझ्या बऱ्याच नक्ष्या या मधल्या जागेतूनच निघाल्या.

एका दिवसात एवढं सगळं करायचं नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी पिंप, घागरी, बादल्या भरण्यात जीव जातो. त्या दिवशी वही उघडली नाही तर मनाला लावून घेऊ नका. वेळ अशी निवडा की जी तुमच्या घरात खरंच मोकळी असते. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, ती वेळ चांगली.

पेन्सिल खाली ठेवली की लगेच डावं पान घ्या. पाच वाक्यं लिहा. कशावर? त्या दिवशी हातानं केलेल्या किंवा दुसऱ्याच्या हातानं होताना पाहिलेल्या एका कामावर. इथेही चौकट आहे: छान, सुंदर, मस्त, अप्रतिम हे शब्द वापरायचे नाहीत. डोळ्यांना काय दिसलं, कानांना काय ऐकू आलं, बोटांना काय लागलं, एवढंच लिहायचं. माझ्या वहीतलं एक पान देतो:

“उखळात शेंगदाणे पडले की सुरुवातीला आवाज कोरडा येतो. तिखट, मीठ, लसूण पडल्यावर बायको मधूनमधून उलथन्यानं कडा खरवडते. तेल सुटायला लागलं की मुसळाचा आवाज बसतो. चटणी मुसळाला धरते आणि उचलताना जड लागते. चिमूट उचलून दाबली आणि बोटं तेलकट झाली की ती म्हणते, झालं.”

यात मला कुठेही मोठं काही म्हणायचं नव्हतं. पण हे वाचून माझ्या पुण्यातल्या मुलीनं फोन करून उखळ कुठून आणलं होतं ते विचारलं, आणि त्यावरून आजीच्या घराचा विषय निघाला. बारीकसारीक गोष्ट नेमकी लिहिली की वाचणारा तिच्यात स्वतःचं काही ना काही घालतो. ‘चटणी फारच छान झाली’ एवढ्या वाक्यावर तो फोन आला नसता.

भाषा घरची ठेवा. सोलापुरात एकाच चाळीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू ऐकू येते. जो शब्द तोंडात आला तो देवनागरीत तसाच लिहा. मी मागाला कधी माग लिहितो, कधी मग्गम. ओळखीच्या कन्नड बोलणाऱ्या मावशी वाकळीला कौदी म्हणतात, तर त्यांच्याबद्दल लिहिताना माझ्या पानावरही कौदीच येते. त्यांचा शब्द बदलला की त्यांचा आवाजही पानावरून जातो.

हात बसल्यावर अक्षरंच चौकोनांत आणा. नक्षी आणि शब्द इथे एकाच पानावर भेटतात, म्हणून हा सराव मला सगळ्यात आवडतो. शिरोरेषेला एक ओळ, अक्षराच्या अंगाला सात, वरच्या मात्रांना तीन आणि खालच्या उकारांना तीन ओळी ठेवा. प, म, ग, न यांच्यात सरळ उभा दांडा आहे, तिथून सुरुवात करा. ळ ला रुंदी जास्त द्या, नाहीतर त्याचे दोन्ही गोल चेपतात. ‘सोलापूर’ लिहून बघा. त्यात वरची मात्राही आहे आणि खालचा उकारही, त्यामुळे ओळींचा हिशेब पक्का होतो. वहीवर जमलं की मॅटीच्या, म्हणजे चौकोनी विणीच्या, कापडावर फुलीच्या टाक्यानं भरा, एका चौकोनाला एक फुली. सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेला झुकलेला हवा. एवढं पाळलं तर नवशिक्याचं कामही सफाईदार दिसतं.

मोठं काम हवं असेल त्यांनी आसन शिवावं. आख्खी वाकळ सुरुवातीला नको, ती अर्धवट पडून राहते. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने खूप आहेत, तिथली कात्रणं वजनावर मिळतात. घरातले जुने सुती कपडेही चालतात. सगळं कापड आधी धुवून घ्या, म्हणजे ज्याला रंग सोडायचा किंवा आटायचं असेल ते आधीच उरकेल. ७ इंचांचे नऊ चौकोन कापा. चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत गेला की प्रत्येक चौकोन ६ इंचांचा उरतो, आणि तीन बाय तीन जोडले की १८ इंचांचं आसन होतं. जोडण्याआधी नऊ तुकडे जमिनीवर मांडून जागा बदलत राहा, घाई करू नका. इथेही त्या मधल्या जागेची सवय कामाला येते.

मध्ये जुन्या सुती साडीचे दोन-तीन थर घाला. टॉवेल घालण्याचा मोह होतो, पण त्याच्या जाडीत सुई अडते आणि अंगठा दुखतो. खाली मऊ जुनं कापड. सगळे थर सपाट पसरून आधी लांब कच्चे टाके घाला. हे टाळलं की आत चुण्या पडतात. मग कडा अर्धा इंच आत दुमडून घ्या आणि कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा बोटभर अंतरानं धावदोरा. दोऱ्याची गाठ थरांच्या आत ओढून घ्या. शेवटी कच्चे टाके काढून टाका.

शिवताना वही जवळ असू द्या आणि प्रत्येक तुकड्याला एक नंबर देऊन दोन-दोन ओळी लिहा: कपडा कोणाचा, कुठे वापरला, कधी फाटला. आमच्या घरच्या आसनातला एक निळा तुकडा वडिलांच्या सदऱ्याचा आहे. त्याच्या दोन ओळी लिहायला बसलो आणि पान भरलं, कारण त्या सदऱ्याच्या खिशाबरोबर जुन्या गिरणीचा भोंगाही आठवला. माझ्या वडिलांबद्दल लिही असं कोणी सांगितलं असतं तर मी पेन चावत बसलो असतो.

नक्षी सुचेनाशी झाली तर घराबाहेर पडा. जानेवारीत सोलापूरच्या ग्रामदैवताची, सिद्धेश्वरांची, गड्ड्याची यात्रा भरते. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, मिरवणुकीच्या वाटेवर रांगोळ्या घातलेल्या असतात आणि बाराबंदी हा पांढरा अंगरखा घातलेले भक्त काठीचा तोल सांभाळत जातात. गर्दी वाढायच्या आत पोचा आणि एकच रांगोळी निवडून तिचे ठिपके वहीत मांडा. सगळ्यांचे फोटो काढत सुटलात तर एकही हातात उतरणार नाही. एरवीही बघायला पुष्कळ आहे: जुन्या वाड्यांच्या खिडक्यांचे गज, भुईकोट किल्ल्याचे दगड, जिन्याची जाळी, बसच्या सीटचं कापड. चौकोनांत काय बसेल ते बघत चालायची सवय लागते.

लहान मुलं सोबत बसली तर त्यांचं काम दुरुस्त करू नका आणि नंबर लावू नका. त्यांनी जे काढलं त्याचं नाव त्यांनाच ठेवू द्या आणि ते नाव त्यांच्याच हातानं डाव्या पानावर लिहू द्या. आमच्या इमारतीतल्या एका मुलानं नुसत्या तिरक्या पायऱ्यांच्या नक्षीला ‘लाईट गेल्यावरचा जिना’ असं नाव दिलं. त्याला मी एवढंच विचारलं की मग काय झालं, आणि त्यानं दीड पान लिहिलं.

महिन्यातून एकदा वहीतलं एक काम घराबाहेर पाठवा. पोस्टकार्ड घ्या. मजकुराच्या बाजूला वरच्या अर्ध्या भागात पट्टीनं बारीक चौकोन आखून नक्षी भरा, खालच्या अर्ध्यात पाच वाक्यं. आमचे नातेवाईक भिवंडीला आहेत, तेलंगणातल्या सिरसिल्ल्यालाही आहेत, सगळे मागाशी जोडलेले. त्यांना मी नक्षीचा पाव भागच भरून पाठवतो आणि उरलेले तीन भाग रिकामे ठेवतो. कोणी आरशासारखं उलटवून पूर्ण करतं, कोणी मुद्दाम वेगळंच भरतं आणि फोटो काढून धाडतं. तुम्हीही तसंच करा. मात्र शाई पाण्यानं न फुटणारी वापरा, पत्त्याच्या बाजूला नक्षी जाऊ देऊ नका, पिनकोड ठळक लिहा, आणि पाठवण्याआधी त्या पाव भागाची नक्कल तुमच्या वहीत उतरवून ठेवा, म्हणजे आलेलं उत्तर तिच्या शेजारी लावून बघता येईल.