हनोईत शिकवताय? तेतच्या आधी एवढं उरकून घ्या

व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत, इंग्रजी शिकवायला आलात की ३१ डिसेंबरचं फार मनावर घेऊ नका. १ जानेवारीची एक सुट्टी मिळते आणि लगेच वर्ग सुरू होतात. इथलं खरं नवीन वर्ष म्हणजे तेत. ते चांद्र पंचांगाने येतं, त्यामुळे तारीख दरवर्षी सरकते: २०२६ मध्ये १७ फेब्रुवारी, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारी. तयारीची मुदत मात्र ठरलेली. चांद्र वर्षाच्या शेवटच्या महिन्यातल्या तेविसाव्या दिवशी स्वयंपाकघरातले देव कार्प माशावर बसून वर्षभराचा अहवाल द्यायला स्वर्गात जातात, म्हणून लोक तळ्यात मासे सोडतात. त्यानंतर कुणाचंच कामात लक्ष नसतं. तुमची कामं त्याआधी झालेली बरी.

सुरुवात पैशांपासून करा. कायद्याने तेतची सुट्टी पाच दिवसांची, पण खासगी इंग्रजी क्लास त्याहून जास्त दिवस बंद असतात आणि तासावर पगार असेल तर त्या दिवसांचे पैसे बहुधा मिळत नाहीत. करार काढून वाचा. तेराव्या पगाराचा, म्हणजे तेतच्या बोनसचा, उल्लेख आहे का तेही बघा. व्हिसाची मुदत जवळ येत असेल तर आधीच हालचाल करा, सरकारी कचेऱ्याही बंदच असतात. एटीएममध्ये ऐन वेळी खडखडाट असू शकतो, म्हणून रोकड आधीच काढून ठेवा. मोजताना मात्र डोळे उघडे ठेवा: २० हजार आणि ५ लाख डोंगच्या नोटा दोन्ही निळसर, दोन्हींवर हो ची मिन्ह. गर्दीत घाईघाईने दिलेली नोट परत मिळेल याची खात्री नाही.

गावाबाहेर जायचं असेल तर रेल्वेची तिकिटं काही महिने आधी निघतात आणि भराभर संपतात. मी म्हणेन, निदान पहिलं तेत हनोईतच करा. एरवी स्कूटरच्या गर्दीत रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. त्या दोन-तीन दिवसांत सगळे गावी गेलेले असतात. मात्र बाजार आणि खाणावळीही बंद, तेव्हा तांदूळ, भाज्या, अंडी भरून ठेवा. शाकाहारी असाल तर जास्तच. चौकोनी बान्ह चुंग दिसायला निरुपद्रवी, चिकट भात आणि मुगाची डाळ, पण मधोमध डुकराचं मांस असतं. बिनमांसाचाही मिळतो, सांगून ठेवावा लागतो.

आता लाल पाकिटं. यांना ‘ली सी’ म्हणतात. आत छोट्या रकमेची पण कोरी करकरीत नोट घालायची; चुरगळलेली नोट देणं बरं दिसत नाही. कोऱ्या नोटांसाठी बँकेत आधीच विचारा. घरमालकांची नातवंडं, इमारतीचे वॉचमन आणि शेजारची पोरं धरून पाकिटं मोजा, वर चार जास्त ठेवा.

कुणाकडे जायचं ते मात्र आमंत्रण बघून. वर्षातली घरात येणारी पहिली व्यक्ती वर्षभराचं नशीब आणते असं मानतात. ती कोण असावी हे घरच्यांनी आधीच ठरवलेलं असतं. सहकाऱ्याकडे सकाळीच आगंतुकासारखं टपकू नका. त्या वर्षी तुमच्या घरात कुणाचं निधन झालं असेल तर पहिल्या दिवशी न जाणंच योग्य. पांढरे कपडे टाळा, ते इथे सुतकाचे.

मास्तरांसाठी खास दिवस तिसरा. पहिला दिवस वडिलांकडचा, दुसरा आईकडचा, तिसरा गुरूंचा, अशी इथे म्हणच आहे. मोठे विद्यार्थी, कधी पालकही, खरंच येतात. त्या दिवशी घर आवरलेलं हवं. झाडलोट आदल्या वर्षातच करा, पहिल्या दिवशी केर काढला तर लक्ष्मी बाहेर जाते असं मानतात. पुढे ठेवायला चहा, कलिंगडाच्या बिया आणि साखरेत घोळवलेलं आलं आणा. ते चवीला थेट आपल्या आलेपाकासारखं, पाहुण्यांआधी स्वतःच संपवू नका. ‘चुक मुंग नाम मोय’, म्हणजे नवीन वर्षाच्या शुभेच्छा, एवढं पाठ असू द्या. उच्चार चुकला तरी मुलं खूश होतात, तुमचा उच्चार सुधारण्याची एकदा तरी त्यांची पाळी येते.

राहिला वर्ग. सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात परीक्षा ठेवू नका. पाकिटांवर शुभेच्छा लिहून घ्या, बेरीज-वजाबाकीचे खेळ खेळा. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशीही बरीच मुलं गावाहून परतलेली नसतात, तेव्हा नवा धडा पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवा.