नवीन ठिकाणी ग्रुपने बर्गर खायचाय? आधी कापून मागवा

रत्नागिरीत नवीन बर्गरवाला आला की सगळी गँग जाते नि प्रत्येकजण एकेक मोठा बर्गर मागवतो, मग अर्धे टाकावे लागतात, पैसे फुकट.

त्यापेक्षा चौघं असाल तर आधी दोनच वेगवेगळे मागवा आणि ऑर्डर देतानाच सांगा की किचनमधूनच प्रत्येक बर्गरचे चार तुकडे करून तुकड्या-तुकड्यात टूथपिक टोचून द्या, कारण टेबलावर कापायला गेलं की पॅटी एकीकडे नि पाव दुसरीकडे. सॉस, मेयो वेगळ्या वाटीत घ्या, नाहीतर खालचा पाव भिजून लगदा होतो. जो आवडेल तो परत सांगा. फ्राइज मात्र शेवटी, आपल्या दमट हवेत लगेच मऊ पडतात.

कुणाचा सोमवार, गुरुवार असेल किंवा कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर सुरी वेगळी घ्यायला आधीच सांगा; अ‍ॅलर्जीला नुसती सुरी पुरत नाही, तवा नि तळायचं तेलही वेगळं आहे का ते विचारा.